नकाशात आपली वस्ती कुठे आहे?

मागच्या पावसाळ्यातील गोष्ट. मराठवाड्यातील आमच्या आजोळी रात्री दोनच्या सुमारास मामांच्या छातीत कळ आली. मामेभावाने रुग्णवाहिकेसाठी फोन लावला. तालुका सांगितला, गाव सांगितले, वस्तीचे नाव सांगितले, भीमनगर. अर्ध्या तासाने चालकाचा फोन आला. तो गावच्या पारापाशी गाडी उभी करून बसला होता. म्हणाला, "भाऊ, मोबाईलच्या नकाशात भीमनगर दिसत नाही. इथं एक वाडा दिसतोय." आणि त्याने आपल्या वस्तीचे जुने जातिवाचक नाव घेऊन विचारले, "तेच का?"

मामेभाऊ क्षणभर गप्प राहिला. ते नाव गावाने ठराव करून काढून टाकले आहे. कमानीवर भीमनगर आहे, रेशन कार्डावर भीमनगर आहे. त्याच्या मुलांनी ते जुने नाव कधी उच्चारलेले नाही. पण आत बाप तळमळत होता. तो म्हणाला, "हो, तेच. लवकर या." त्यानंतरही ओढ्याकडची वाट की शाळेकडची, या घोळात पंधरा मिनिटे गेली. शेवटी तो मोटारसायकल घेऊन पारापाशी गेला आणि रुग्णवाहिकेच्या पुढे चालून तिला वस्तीत घेऊन आला.

मामा वाचले. आता काठी टेकीत विहारापर्यंत जातात. वर्षावासाच्या समाप्तीला गावी गेलो तेव्हा मामेभाऊ मला म्हणाला, "दादा, बापासाठी मी ते नाव घेतलं. पण तुम्ही समाजाचं काम करता, नकाशात ते नाव अजून कसं राहिलं, ते बघा की."

मला उत्तर देता आले नाही. मी कारकुनी करणारा माणूस. मोबाईलचा नकाशा मीही वापरतो, पण तो कोण काढतो, त्यात नावे कोण घालतो, याचा विचार कधी केला नव्हता. मग आमच्या विहारातील चार-पाच तरुण मुलांना घेऊन मी चार रविवार बसलो. निरनिराळी नकाशाची ॲप मोबाईलमध्ये घेतली, ती पारखून पाहिली. त्यातून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवत आहे.

वाट दाखवणारा समाज

गावगाड्यात वाट दाखवण्याचे काम कोणाकडे होते? आपल्याच आजा-पणजांकडे. येसकर म्हणून वेशीवर, तराळ म्हणून निरोप घेऊन गावोगाव, आणि सरकारी अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे वाटाड्या म्हणून. दोन गावांत शिवेचा तंटा पडला तर महाराची साक्ष मानली जाई. तो ज्या रेघेने चालून दाखवी, ती शीव ठरे. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांतही याच्या नोंदी आहेत.

यात मिरवण्यासारखे फार काही नाही. ते काम वेठीचे होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, ते समाजाला या वेठीतून सोडवण्यासाठीच. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने संपली. पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्याला शिवेचा दगड न दगड ठाऊक होता, त्याची स्वतःची वस्ती गावकुसाबाहेर होती, आणि त्या वस्तीचे नाव त्याने ठेवलेले नव्हते. ते गावाने त्याच्यावर लादले होते.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती अशी नावे जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, असा तो निर्णय आहे. कागदावर बदल होऊ लागला. पण आज अनोळखी माणूस आपल्या दारी येतो तो सरकारी कागद पाहून येत नाही. तो मोबाईलमधला नकाशा पाहून येतो. तिथे जुने नाव असेल तर त्याच्यापुरते आपले गाव अजून जुनेच आहे.

नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. पण २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि प्रत्यक्ष नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्या सोळा वर्षांत ज्या समाजाची घरे जळाली, माणसे गेली, त्याला नावाची किंमत कोणी सांगण्याची गरज नाही.

फोनला वाट कशी कळते?

आपल्याकडे समज आहे की नकाशा म्हणजे उपग्रहाने आकाशातून पाहून सांगितलेली माहिती, ती चुकणार कशी? हा समज आधी दूर केला पाहिजे. फोनच्या नकाशात दोन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली गोष्ट, आपण या क्षणी कुठे आहोत. हे उपग्रहांवरून कळते. अमेरिकेची जीपीएस ही व्यवस्था सर्वांत परिचित. तिचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत असतात. रशिया, युरोप आणि चीन यांच्याही अशा व्यवस्था आहेत. आपल्या इस्रोने १ जुलै २०१३ पासून असे उपग्रह सोडण्यास सुरुवात केली, त्या व्यवस्थेला नाविक म्हणतात. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की फोन स्वतःची जागा मोजून काढतो. उघड्या मैदानात ही जागा काही मीटरच्या फरकाने बरोबर येते. उंच इमारतींच्या मधल्या बोळात किंवा पत्र्याच्या छपराखाली फरक वाढतो. यासाठी नेट लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. रेडिओने आकाशवाणी पकडावी तसा फोन हे संदेश नुसते पकडत असतो.

दुसरी गोष्ट, त्या जागी काय आहे. रस्ता आहे की ओढा, शाळा आहे की विहार, वस्तीचे नाव काय. हे उपग्रहाला ठाऊक नसते. रस्ता आणि छपरे आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत दिसतील, पण छपरावर नाव लिहिलेले नसते. नाव माणूस घालतो. कुठल्या कंपनीने जुन्या कागदावरून घातले, कुठे सर्वेक्षण करणाऱ्याने घातले, कुठे वाटसरूने.

तेव्हा सर्व ॲपना जागा कळते ती त्याच उपग्रहांवरून. त्यांच्यात फरक पडतो तो नकाशा कोणी लिहिला, आणि तो दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाला आहे, इथे. या कसोटीवर त्यांची तुलना केली पाहिजे.

कोणता नकाशा कोणाचा?

गुगल मॅप्स. हा २००५ साली सुरू झाला. अँड्रॉइड फोनमध्ये तो बहुधा आधीपासूनच असतो, म्हणून आपल्या घरांत तोच सर्वांत जास्त वापरला जातो. रस्त्यावरची गर्दी सांगण्यात त्याचा हातखंडा आहे, कारण लाखो लोकांचे फोन चालता चालता आपली जागा आणि वेग त्याला कळवत असतात. बर्लिन शहरात एका कलाकाराने ९९ चालू फोन एका हातगाडीत घालून ती मोकळ्या रस्त्यावरून ओढत नेली. नकाशात तो रस्ता लाल झाला, म्हणजे तिथे वाहतूक तुंबली असे दिसू लागले. यंत्राची ताकद आणि त्याची मर्यादा दोन्ही या एका प्रसंगात दिसतात. भारतासाठी २०१७ साली त्यात दुचाकीची वेगळी सोय आली. घरोघर पार्सल पोचवणाऱ्या आपल्या मुलांना तिचा उपयोग होतो. बस आणि रेल्वेची माहितीही तो देतो. ठरावीक भागाचा नकाशा आधी उतरवून ठेवला तर नेट नसताना गाडीची वाट सांगतो, पण पायी वाट आणि बस-रेल्वेची माहिती मात्र तेव्हा मिळत नाही.

मराठीबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. जानेवारी २०२१ मध्ये गुगलने मराठीसह दहा भारतीय भाषांत स्थळांची नावे यंत्राकडून लिप्यंतर करून दाखवायला सुरुवात केली. म्हणजे इंग्रजीत लिहिलेले नाव यंत्र आपल्या समजुतीने देवनागरीत उतरवते. म्हणून परिचित नावांचे ऱ्हस्व-दीर्घ कधी कधी विचित्र दिसते. त्यात कोणाचा हेतू नसतो, पण योग्य मराठी नाव कळवले नाही तर यंत्राचेच खरे धरले जाते.

मॅपल्स. हा भारतीय कंपनीचा नकाशा. मॅपमायइंडिया या नावाने ही कंपनी ओळखली जाते आणि १९९५ पासून नकाशाच्या धंद्यात आहे. अनेक मोटारगाड्यांत कंपनीने बसवून दिलेला नकाशा हिचा असतो. २०२१ साली तिने इस्रोबरोबर करार केला. पुढे गतिरोधक आहे, तीव्र वळण आहे, उड्डाणपुलाच्या वर जायचे की खालून, हे चित्र काढून दाखवण्यात हा नकाशा चांगला आहे. रिक्षा, टॅक्सी, टेम्पो चालवणाऱ्या बांधवांनी तो एकदा वापरून पाहावा.

ओपनस्ट्रीटमॅप. हा प्रकार वेगळा आहे. हा कुठल्याही कंपनीचा नाही. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा लोकांनी लोकांसाठी काढलेला नकाशा. जगभरातील स्वयंसेवक त्यात भर घालतात आणि तो कोणालाही फुकट वापरता येतो. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या छायाचित्रांवरून तिथले रस्ते काही दिवसांत नकाशात उतरवले आणि मदत पथकांनी ते वापरले. याच नकाशावर चालणारे ऑरगॅनिक मॅप्स नावाचे ॲप आहे. त्यात जाहिराती नाहीत आणि ते तुमचा माग ठेवत नाही. एकदा महाराष्ट्राचा नकाशा उतरवून घेतला की नेट नसतानाही शोध, पायी वाट, गाडीची वाट सर्व चालते. मात्र वाहतूक कुठे तुंबली आहे ते त्याला कळत नाही, आणि जिथे स्वयंसेवक पोचले नाहीत तिथे नकाशा रिकामा असतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. वेझ हे मूळ इस्रायलमधील ॲप, २०१३ साली ते गुगलने विकत घेतले. ते फक्त वाहनचालकांसाठी आहे, पायी चालणाऱ्यांना वा बसने जाणाऱ्यांना निरुपयोगी. ॲपलचा नकाशा मुख्यतः त्यांच्याच महागड्या फोनवाल्यांसाठी. मुंबईत लोकलने कामावर जाणाऱ्यांना एम-इंडिकेटर माहीत आहेच. तो नकाशा कमी आणि वेळापत्रक जास्त, पण आपल्या माणसाला मुंबईत रोज उपयोगी पडणारे ॲप तेच.

घरातील हिशेब

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, त्यामुळे जमा आणि खर्च मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमच्या चार रविवारांचा ताळेबंद असा निघाला.

१. रोज शहरात दुचाकी, रिक्षा, टेम्पो चालवणाऱ्यांना गर्दीची माहिती हवी. त्यांनी गुगल वा मॅपल्स ठेवावे.

२. पायी फिरणाऱ्यांनी, कमी डेटाचे रिचार्ज मारणाऱ्यांनी आणि रेंज नसलेल्या गावी जाणाऱ्यांनी ऑरगॅनिक मॅप्स उतरवून ठेवावे. घरात फुकटचे वायफाय नसेल तर एकदाच, डेटा शिल्लक असेल त्या रात्री उतरवावे.

३. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर, १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या जयस्तंभाला जाताना दोन्ही बरोबर ठेवावीत. लाखोंच्या गर्दीत नेट चालत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे. अशा दिवशी पोलीस रस्ते वळवतात, ते नकाशाला वेळेवर कळेलच असे नाही. तिथे पोलीस आणि समता सैनिक दलाचे स्वयंसेवक दाखवतील तीच वाट धरावी. लहान मुलाच्या खिशात आई-वडिलांच्या फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी. तिला बॅटरी लागत नाही.

४. कोणतेही एकच ॲप पुरे पडत नाही. दोन ठेवा आणि अनोळखी ठिकाणी निघण्यापूर्वी दोन्हींत वाट पाहा. दोघांचे एकमत असेल तर बरे, नसेल तर माणसाला विचारा.

आम्ही आमचा विहार आणि आसपासच्या सहा वस्त्या निरनिराळ्या ॲपमध्ये शोधल्या. एकात विहारच नव्हता. एकात विहार होता, पण त्याला मंदिराचे चिन्ह लावलेले होते. एकात एक वस्ती नुसती करडी जागा म्हणून दाखवली होती, तिच्यातल्या सव्वाशे घरांचा आणि चार गल्ल्यांचा पत्ताच नव्हता. कोणत्या ॲपने काय चुकवले याचा पाढा वाचण्यात अर्थ नाही. आज एकाचे चुकले ते उद्या दुरुस्त होईल आणि दुसऱ्याचे चुकेल. रस्त्यांची छायाचित्रे घेणारी मोटार मोठ्या रस्त्याने जाते. आपल्या गल्लीत ती शिरत नाही. गल्लीतल्या माणसांनीच ती उणीव भरून काढली पाहिजे.

भीमनगरे किती?

आपली एक अडचण आपणच लक्षात घेतली पाहिजे. भीमनगर, सिद्धार्थनगर, रमाबाईनगर, पंचशीलनगर, मिलिंदनगर, समतानगर ही नावे महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत आहेत. एकेका शहरात दोन-दोन भीमनगरे आहेत. नावे आपल्या प्रेमाची आहेत, ती तशीच राहावीत. पण लग्नपत्रिकेवर नुसते "भीमनगर, विहाराजवळ" लिहिले तर वऱ्हाडाचा टेम्पो भलत्याच भीमनगरात जाऊन उभा राहतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे हेच झाले. त्रिसरण-पंचशील झाले, वधू-वर उभे, आणि वराचे मामा दुसऱ्या टोकाच्या भीमनगरात मांडव शोधत हिंडत होते.

तीर्थस्थळांच्या बाबतीतही हाच अनुभव येतो. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, हे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे. आंबवडे नावाचे गाव पुणे जिल्ह्यात भोर तालुक्यातही आहे. एका अक्षराच्या फरकाने बस भलतीकडे जाऊ शकते. बाबासाहेबांची जन्मभूमी महू. त्या गावाचे नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर आहे. नकाशात कुठे एक नाव असते, कुठे दुसरे. म्हणून शोध घेताना तालुका आणि जिल्हा जुळतो का, हे पाहिल्याशिवाय निघू नये. जिल्ह्यांची नावेही बदलली आहेत हे ध्यानात ठेवावे. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नवी नावे काही ठिकाणी आली आहेत, काही ठिकाणी जुनीच आहेत.

यावर उपाय आहे. पत्त्याबरोबर जागेचा सांकेतिक क्रमांक द्यावा. डाक विभागाने मे २०२५ मध्ये डिजिपिन ही व्यवस्था आणली. तिने सारा देश सुमारे चार मीटर लांब, चार मीटर रुंद अशा चौकोनांत विभागला आहे आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा-अंकांचा क्रमांक दिला आहे. म्हणजे आपल्या झोपडीलाही स्वतःचा क्रमांक मिळतो. गल्लीला नाव नसले, दारावर नंबर नसला, तरी अडत नाही. मॅपल्सचा सहा अक्षरांचा पिन आहे, गुगलचा प्लस कोड आहे. झोपडपट्ट्यांचे नकाशे तयार करणाऱ्या पुण्यातील शेल्टर असोसिएट्स या संस्थेने घरांना पत्ते देण्यासाठी प्लस कोडचा उपयोग केला आहे. हे क्रमांक म्हणजे जागेच्या मालकीचा पुरावा नव्हे, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. तो नुसता दार शोधण्याचा क्रमांक आहे. पण रात्री दोन वाजता तेवढेही पुष्कळ असते. आपल्या घराचा क्रमांक फोनमध्ये आणि दाराच्या मागे कागदावर लिहून ठेवावा.

नाव कसे घालावे?

हा या लेखाचा मुख्य भाग. वस्तीतील दहावी-बारावीच्या मुला-मुलींना हे सहज जमते.

गुगल मॅप्समध्ये आपल्या जागेवर बोट दाबून धरले की नवीन स्थळ घालण्याची वा चुकीच्या स्थळाची दुरुस्ती सुचवण्याची सोय येते. तिथे बरोबर नाव लिहावे, विहाराचे, कमानीचे, फलकाचे छायाचित्र जोडावे. सूचना स्वीकारायची की नाही हे कंपनी ठरवते. मॅपल्समध्येही स्थळ घालण्याची सोय आहे आणि तिथेही निर्णय कंपनीचाच.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मात्र ई-मेल देऊन खाते उघडले की आपण स्वतः नकाशात लिहू शकतो. आधी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. गल्ली ओढता येते, पायवाट दाखवता येते, सार्वजनिक नळ आणि शौचालय दाखवता येते. वस्तीचे नाव मराठीत लिहिण्यासाठी वेगळा रकाना आहे. विहार घालताना उपासनास्थळ निवडावे आणि धर्माच्या रकान्यात बौद्ध हे भरावे. जनगणनेत धर्म बौद्ध लिहा, असे आपण दर वेळी घरोघर जाऊन सांगतो. नकाशातही तसाच रकाना आहे आणि तो रिकामा पडला आहे.

केनियाच्या नैरोबी शहरात किबेरा नावाची फार मोठी झोपडपट्टी आहे. कित्येक हजार माणसे तिथे राहत असताना नकाशात ती जागा कोरी होती. २००९ साली तिथल्याच तरुणांनी जीपीएस यंत्रे हातात घेऊन आपल्या गल्ल्या चालून काढल्या आणि ओपनस्ट्रीटमॅपवर आपली वस्ती स्वतः उभी केली. पाण्याच्या जागा, दवाखाने, शाळा, सर्व दाखवले. त्यांच्याजवळ पैसा नव्हता, आपल्या वस्तीची माहिती होती. तेवढी आपल्याजवळही आहे.

आमचा अनुभव सांगतो. आजोळच्या वस्तीचे नाव दुरुस्त करण्याची आमची सूचना एका ॲपने दोनदा नाकारली. कारण दिले नाही. तिसऱ्या वेळी मामेभावाने कमानीचे छायाचित्र, ग्रामपंचायतीच्या फलकाचे छायाचित्र जोडले. वस्तीतील अकरा जणांनी आपापल्या फोनवरून तीच दुरुस्ती सुचवली. नवव्या दिवशी नाव बदलले. एकट्याने केले ते नाकारले गेले, वस्तीने मिळून केले ते मान्य झाले.

एक पथ्य पाळावे. नकाशात खोटे काही घालू नये. नसलेला रस्ता दाखवू नये, रागाने दुसऱ्याच्या वस्तीचे नाव पुसू नये. मातंग, चर्मकार, भटक्या विमुक्त बांधवांच्या वस्त्यांची जुनी नावेही दिसतील. त्यांना विचारून, त्यांना हवे ते नाव घालण्यास मदत करावी. त्यांच्यावर आपण नाव लादले, तर गावाने आपल्याला जे केले तेच आपण त्यांना केले असे होईल.

यंत्रावर किती विसंबावे?

तथागतांनी कालामांना सांगितले होते की, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, थोर माणूस म्हणतो म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. फोन म्हणतो म्हणून, हेही त्यात आज धरले पाहिजे.

जानेवारी २०२१ मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यात रात्री फोनवरच्या नकाशाच्या आधारे निघालेली एक मोटार पाण्याखाली गेलेल्या पुलावरून धरणाच्या पाण्यात गेली आणि एकाला प्राण गमवावे लागले. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशात बरेली-बदायूं भागात रामगंगा नदीवरील तुटलेल्या पुलावरून मोटार कोसळून तिघे दगावले. तो पूल पुराने तुटला होता आणि नकाशात रस्ता सरळ दिसत होता, असे तेव्हा समोर आले. पुलावर अडथळे नव्हते, हा दोष शासनयंत्रणेचा. पण रात्रीची वेळ, अनोळखी रस्ता आणि पावसाळा असेल तर वाटेतल्या टपरीवर थांबून विचारण्यात कमीपणा नाही.

दुसरी खबरदारी घरातील. नकाशाच्या ॲपमध्ये आपण कुठे कुठे गेलो याची नोंद राहू शकते. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करता येते, जुनी पुसता येते. रात्रपाळीहून येणाऱ्या मुलीने घरी येईपर्यंत आईला आपली जागा दिसू द्यावी, ही चांगली सोय आहे. पण तीच सोय मुलीवर वा सुनेवर पाळत ठेवण्यासाठी वापरू नये. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले. त्यांच्या अनुयायांच्या घरात बाईच्या पावलांवर पहारा शोभत नाही.

आता करायचे काय?

प्रत्येक विहाराच्या तरुण-तरुणींनी एक रविवार या कामासाठी द्यावा. जयंतीच्या आधीचा द्यावा, म्हणजे १४ एप्रिलला पाहुण्यांना आपली वस्ती सापडेल. सकाळी वंदना झाल्यावर दोघे-दोघे मिळून गल्ल्या चालून काढाव्यात. वहीत आधी लिहावे, मग फोनमध्ये घालावे. वस्तीचे आज मान्य असलेले नाव, विहार, अभ्यासिका, अंगणवाडी, पाण्याचा नळ, आणि रुग्णवाहिका कुठपर्यंत येऊ शकते ती जागा, एवढे तरी घालावे. वस्तीतील म्हाताऱ्या माणसांना बरोबर घ्यावे. जुन्या वाटा, विहिरी त्यांना ठाऊक असतात. ज्या गावात वस्तीचे नाव बदलण्याचा ठराव अजून झालेला नाही, तिथे तो आधी करून घ्यावा. ठराव हाती असला की कोणालाही तो दाखवता येतो.

परवा मामेभावाचा फोन आला. गावात एका बाळंतिणीसाठी रात्री गाडी बोलावली होती. चालकाने कोणालाही काही विचारले नाही. थेट भीमनगरच्या कमानीतून आत आला आणि विहारापाशी थांबला. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. मुलगी झाली.

जयभीम.